ऋण, श्रेय आणि अनामिकता : १९६०च्या दशकातील ब्रिटिश बीट व रॉक संगीताचा चिकित्सक विचार

सारांश

१९६०च्या दशकातील ब्रिटिश बीट व रॉक संगीताने जगभरच्या एका पिढीची अभिरुची घडविली. या संगीताची उभारणी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर आणि काही अंशी भारतीय रागसंगीतावर झाली, हेही आता सर्वमान्य आहे. प्रस्तुत लेखात या संगीताने घेतलेले ऋण आणि दिलेले श्रेय यांतील अंतराची चिकित्सा केली आहे. ऋण घेणे हा कलेचा दोष नसून स्वभाव आहे. श्रेय न देणे ही मात्र नैतिक उणीव असते आणि त्याचबरोबर कलाकृतीचे चुकीचे वर्णनही असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : बीट संगीत, ब्लूज, ऋणनिर्देश, परंपरा, स्वामित्वहक्क, वादकांची अनामिकता

१. प्रस्तावना

कलाकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. ओवी, लावणी, पोवाडा, लोकगीत यांचा अभ्यास करताना मराठी अभ्यासकाला हा प्रश्न पदोपदी भेडसावतो. आपल्या अभंगपरंपरेने त्याचे एक सुंदर उत्तर शोधले होते. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीची नाममुद्रा येते. अभंग गावोगावी गेला, मुखामुखातून फिरला, त्याचे शब्द इकडचे तिकडे झाले, तरी कर्त्याचे नाव गाण्याच्या पोटातच राहिले. गाणारा ते सहजासहजी वगळू शकत नाही.

ध्वनिमुद्रिकेच्या युगात हे नाव गाण्याच्या बाहेर पडले. ते तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदी लेबलावर आले. ऐकणाऱ्याच्या कानावर ते कधीच पडत नाही. ते छापले तरच उरते आणि छापणाऱ्याच्या मर्जीवर राहते. ज्या नावापुढे रचनाकार म्हणून छापील नोंद होते, त्याच्याकडे रॉयल्टीही जाते. त्यामुळे लेबलावरची ती बारीक ओळ एकाच वेळी कलेचा इतिहास असते आणि अर्थव्यवहाराचे कागदपत्रही असते.

प्रस्तुत विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) ब्रिटिश बीट व रॉक संगीताने घेतलेल्या ऋणाचे स्वरूप पाहणे.
(२) श्रेयलोपाचे प्रकार निश्चित करणे.
(३) श्रेयलोपाच्या समर्थनार्थ मांडल्या जाणाऱ्या युक्तिवादांची चिकित्सा करणे.

२. ऋणाची पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये अमेरिकी संगीत प्रामुख्याने ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने पोहोचले. १९५६ साली लॉनी डॉनेगन यांनी गायिलेले ‘रॉक आयलंड लाइन’ लोकप्रिय झाले आणि स्किफल नावाच्या, स्वस्त वाद्यांवर कोणालाही वाजविता येईल अशा संगीताची लाट उसळली. लिव्हरपूलमधील जॉन लेनन यांचा पहिला वाद्यवृंद याच लाटेत निर्माण झाला. या गाण्याचे मूळ मात्र अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या तुरुंगातील कैद्यांच्या गायनात होते. जॉन लोमॅक्स यांनी १९३४ साली ते ध्वनिमुद्रित केले आणि लेडबेली या गायकाने ते पुढे नेले. म्हणजे ज्या गाण्यापासून ब्रिटिश तरुणांच्या संगीताचा प्रारंभ सांगितला जातो, ते गाणे मुळात अनाम कैद्यांचे होते, ही बाब सूचक आहे.

१९५८ साली ख्रिस बार्बर यांच्या निमंत्रणावरून मडी वॉटर्स इंग्लंडच्या दौऱ्यावर आले. १९६२च्या मार्चमध्ये ॲलेक्सिस कॉर्नर व सिरिल डेव्हिस यांनी लंडनच्या ईलिंग भागात ब्लूजसाठी क्लब सुरू केला. त्याआधी काही महिने, १९६१च्या ऑक्टोबरमध्ये, डार्टफर्ड रेल्वे स्थानकावर मिक जॅगर यांच्या हातातील चक बेरी व मडी वॉटर्स यांच्या ध्वनिमुद्रिका पाहून कीथ रिचर्ड्स यांनी संभाषण सुरू केले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. पुढे त्यांच्या वाद्यवृंदाने धारण केलेले ‘रोलिंग स्टोन्स’ हे नावही मडी वॉटर्स यांच्या १९५०च्या गाण्यावरून आले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. आरंभीच्या टप्प्यात हे वादक उसनवारी लपवीत नव्हते. बीटल्सच्या १९६३च्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या अल्बमवरील १४ गाण्यांपैकी ८ लेनन–मॅकार्टनी यांची होती आणि उरलेली ६ इतरांची. त्या इतरांची नावे नोंदलेली होती. रोलिंग स्टोन्सची पहिली ध्वनिमुद्रिका ‘कम ऑन’ (१९६३) चक बेरी यांच्या नावानेच प्रसिद्ध झाली. विली डिक्सन यांनी रचलेले व हाउलिन वुल्फ यांनी १९६१ साली गायिलेले ‘लिटल रेड रूस्टर’ रोलिंग स्टोन्सनी १९६४च्या अखेरीस ब्रिटनच्या लोकप्रियता-सूचीत प्रथम क्रमांकावर नेले.

परंतु याच सुमारास ‘स्वतःची गाणी स्वतः रचणारा वाद्यवृंद’ ही प्रतिष्ठेची कसोटी होऊ लागली. लेनन–मॅकार्टनी यांच्या यशाने रचनाकाराला मिळणाऱ्या रॉयल्टीचे महत्त्व सर्वांच्या लक्षात आले. गायक-वादक जोवर स्वतःला अनुयायी मानीत होता, तोवर लेबल प्रामाणिक होते; तो स्वतःला कर्ता मानू लागला, तेव्हा लेबल धूसर झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा या दशकातील विरोधाभास होय.

३. श्रेयलोपाचे तीन प्रकार

३.१ परंपरेचे खाजगीकरण

न्यूकॅसलच्या ॲनिमल्स या वाद्यवृंदाने १८ मे १९६४ रोजी लंडनमध्ये ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ ध्वनिमुद्रित केले. सुमारे साडेचार मिनिटांचे हे गाणे त्या काळच्या मानाने दीर्घ होते. तरीही ते ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे प्रथम क्रमांकावर गेले. हे गाणे पारंपरिक आहे. क्लॅरेन्स ॲश्ली व ग्वेन फॉस्टर यांनी १९३३ साली त्याचे ध्वनिमुद्रण केले होते. १९३७ साली ॲलन लोमॅक्स यांनी केंटकीमध्ये जॉर्जिया टर्नर या किशोरवयीन मुलीच्या आवाजात ते नोंदविले. बॉब डिलन यांनी १९६२ साली आपल्या पहिल्या अल्बमवर ते गायिले आणि त्यांनी त्यासाठी वापरलेली धाटणी डेव्ह व्हॅन रॉंक यांची होती.

ॲनिमल्सच्या ध्वनिमुद्रिकेवर ‘पारंपरिक, संयोजन : ॲलन प्राइस’ अशी नोंद झाली. पाच जणांच्या वृंदात प्राइस ऑर्गन वाजवीत. त्यांचे ऑर्गनवादन उत्कृष्ट आहे, यात शंका नाही. परंतु या गाण्याची ओळख पटते ती प्रारंभीच्या गिटारच्या विलग स्वरांच्या आवर्तनामुळे, आणि ते वादन हिल्टन व्हॅलेंटाइन यांचे आहे. गाण्याला उंची मिळते ती एरिक बर्डन यांच्या आवाजामुळे. डिलन यांच्या गायनातील स्त्री-निवेदक येथे पुरुष होतो, तोही बदल महत्त्वाचा आहे. एवढे सामूहिक कर्तृत्व एका नावापुढे जमा झाले आणि त्याबरोबर संयोजनाची रॉयल्टीही. म्हणजे ‘पारंपरिक’ या शब्दाने मागच्या पिढ्यांतील गायकांना अनाम केले, तर ‘संयोजन’ या शब्दाने शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यांना. गाणे सर्वांचे होते म्हणून ते कोणाच्याही नावे करता आले, हा येथील तर्क आहे.

‘पारंपरिक’ हा शिक्का कधी कधी हयात रचनाकारावरही बसतो. लेड झेपेलिनच्या १९६९च्या पहिल्या अल्बमवरील ‘बेब, आय ॲम गॉना लीव्ह यू’ हे गाणे पारंपरिक म्हणून नोंदले गेले व संयोजनाचे श्रेय जिमी पेज यांना मिळाले. वस्तुतः ते ॲन ब्रेडन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस रचलेले होते. त्यांना ही बाब १९८०च्या दशकात कळली आणि त्यानंतर त्यांचे नाव श्रेयात समाविष्ट झाले. लोकपरंपरा म्हणजे कर्ता मृत किंवा अज्ञात असणारच, हे गृहीतक किती धोक्याचे आहे, ते यावरून दिसते.

३.२ ज्ञात रचनाकाराचे नाव गळणे

लेड झेपेलिनच्या त्याच पहिल्या अल्बमवर विली डिक्सन यांची दोन गाणी त्यांच्या नावानिशी आहेत. म्हणजे डिक्सन कोण, हे या वृंदाला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. तरीही त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बमवरील ‘होल लॉटा लव्ह’ हे गाणे केवळ वृंदातील सदस्यांच्या नावे प्रसिद्ध झाले. मडी वॉटर्स यांनी १९६२ साली गायिलेल्या डिक्सन यांच्या ‘यू नीड लव्ह’शी त्याचे साम्य स्पष्ट होते. मधल्या काळात स्मॉल फेसेस या लंडनच्या वृंदानेही १९६६ साली हेच गाणे थोड्या बदलाने स्वतःच्या नावे ध्वनिमुद्रित केले होते. डिक्सन यांनी १९८५ साली दावा दाखल केला, १९८७ साली तडजोड झाली आणि त्यांचे नाव रचनाकारांत आले.

या गाण्याचा बारकाईने विचार केल्यास काय दिसते? शब्दांचा मोठा भाग आणि गायनातील फेक डिक्सन–वॉटर्स यांच्याकडून आलेली आहे. गाण्याचा कणा असलेली गिटारची आवर्तनी स्वरावली मात्र ‘यू नीड लव्ह’मध्ये नाही, ती पेज यांची निर्मिती आहे. मधल्या भागातील, थेरेमिन या वाद्याचा उपयोग केलेले ध्वनिप्रयोगही नवे आहेत. तेव्हा ‘ही निव्वळ चोरी आहे’ हे विधान जितके अपुरे, तितकेच ‘ही स्वतंत्र निर्मिती आहे’ हे विधानही अपुरे. आज त्या गाण्यावर जी संयुक्त नावे छापली जातात, तेच त्याचे सर्वांत अचूक वर्णन आहे. जे विधान समीक्षकाने १९६९ साली करावयास हवे होते, ते अठरा वर्षांनी वकिलांनी केले.

रोलिंग स्टोन्सच्या ‘लेट इट ब्लीड’ (१९६९) या अल्बमवरील ‘लव्ह इन व्हेन’चे उदाहरण वेगळे आहे. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३७ साली ध्वनिमुद्रित केलेले हे गाणे मूळ अल्बमवर ‘वुडी पेन’ या नावे नोंदले गेले. येथे नावाची जागा रिकामी राहिली नाही. एका वेगळ्याच नावाने ती भरली गेली. १९३८ साली मृत्यू पावलेले जॉन्सन तक्रार करावयास येणार नव्हते.

३.३ वादकांची अनामिकता

तिसरा प्रकार मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. जॉर्ज हॅरिसन यांनी १९६५च्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये स्वतः सतार वाजविली. १९६६ साली त्यांची पंडित रविशंकर यांच्याशी लंडनमध्ये भेट झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते शिकण्यासाठी मुंबईस आले. त्याआधी ऑगस्ट १९६६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमवरील ‘लव्ह यू टू’ या गाण्यात अनिल भागवत यांनी तबला वाजविला आणि त्यांचे नाव अल्बमच्या वेष्टनावर छापले गेले. बीटल्सच्या संदर्भात ही दुर्मीळ गोष्ट होती. मात्र त्याच गाण्यात साथ करणाऱ्या, लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधून आलेल्या इतर भारतीय वादकांची नावे आली नाहीत.

पुढच्याच वर्षी, मार्च १९६७मध्ये, ‘विदिन यू विदाउट यू’चे ध्वनिमुद्रण झाले. ‘सार्जंट पेपर’ या अल्बमवरील या गाण्यात दिलरुबा, तबला व तंबोरा यांवर संपूर्ण रचना उभी आहे. दिलरुब्याच्या मींडीला अनुसरून जॉर्ज मार्टिन यांनी ८ व्हायोलिन व ३ चेलो यांचे लेखन केले. पाश्चात्त्य वादकांना भारतीय स्वरलगावाचा पाठपुरावा करावयास लावणारी ही रचना त्या काळात अपूर्व होती. पण ज्या वादनाचा पाठपुरावा त्यांनी केला, त्या वादनाच्या कर्त्यांची नावे वेष्टनावर नव्हती. विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत अधिक चर्चिल्या गेलेल्या त्या वेष्टनावर अनेक नामवंतांची चित्रे होती. आत वाजविणाऱ्या या चौघांची नावे मात्र नव्हती. अल्बमला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१७ साली, अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा व नटवर सोनी ही नावे संशोधनातून सर्वांपुढे आली.

याच्या तुलनेत जानेवारी १९६८मधील घटना पाहण्याजोगी आहे. हॅरिसन यांनी मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. त्यातून सिद्ध झालेल्या ‘वंडरवॉल म्युझिक’ अल्बमवर शिवकुमार शर्मा, आशिष खाँ, महापुरुष मिश्र आदी वादकांची नावे वाद्यांसह छापली गेली. त्याच मुक्कामात मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले ‘द इनर लाइट’चे वादन मात्र मार्च १९६८मध्ये बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूवर आले, तेव्हा लेबलावर वादकांचा उल्लेख नव्हता. स्टुडिओ तोच, महिना तोच, संगीतकारही तोच. फरक होता तो प्रकाशनाच्या पद्धतीचा. यावरून असे दिसते की श्रेयलोप हा दर वेळी व्यक्तीच्या हेतूचा परिणाम नसतो. पुष्कळदा तो व्यवसायातील रूढीचा परिणाम असतो. ‘साथीदारांची नावे छापण्याची पद्धत नाही’ हे वाक्य आपल्याकडील चित्रपटसंगीताच्या अभ्यासकालाही अपरिचित नाही.

४. समर्थनाच्या युक्तिवादांची चिकित्सा

पहिला युक्तिवाद असा की ब्लूज ही उसनवारीचीच परंपरा आहे. हे खरे आहे. मडी वॉटर्स यांचे ‘रोलिन स्टोन’ हे आधीच्या ‘कॅटफिश ब्लूज’वर आधारलेले आहे, डिक्सन यांच्या ‘लिटल रेड रूस्टर’मागे चार्ली पॅटन यांच्या १९२९च्या गाण्याची छाया आहे. परंतु मौखिक परंपरेतील उसनवारी दुतर्फी असते. आज मी तुझी ओळ घेतो, उद्या तू माझी घेतोस. दोघेही त्याच गावात, त्याच अर्थस्थितीत राहतो. नोंदणीकृत स्वामित्वहक्काच्या व्यवस्थेत ही देवघेव एकतर्फी होते. परंपरेतून घेताना ‘सर्वांचे’ म्हणायचे आणि बाजारात ठेवताना ‘माझे’ म्हणायचे, हे परंपरेचे अनुसरण नव्हे.

दुसरा युक्तिवाद रूपांतराचा आहे : मूळ सामग्रीचे इतके रूपांतर झाले की नवी कृतीच निर्माण झाली. हा युक्तिवाद सौंदर्यदृष्ट्या बलवान आहे आणि समीक्षकाने तो आदराने ऐकावयास हवा. मात्र रूपांतर सिद्ध करावयाचे असेल तर मूळ काय होते, ते आधी सांगावे लागते. मूळ लपविले की रूपांतराचे मोलही लपते. क्रीम या वृंदाने रॉबर्ट जॉन्सन यांच्या गाण्याचे ‘क्रॉसरोड्स’ (१९६८) या नावाने केलेले रूपांतर जॉन्सन यांच्या नावानिशी प्रसिद्ध झाले. एरिक क्लॅप्टन यांच्या वादनाची थोरवी त्यामुळे कमी झाली नाही. उलट मूळ गाणे शेजारी ठेवून ऐकता येते म्हणून ती नेमकेपणाने कळते.

तिसरा युक्तिवाद असा की ब्रिटिश वादकांमुळे विस्मृत ब्लूज गायकांना कीर्ती लाभली. यातही तथ्य आहे. मे १९६५मध्ये अमेरिकेतील ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हाउलिन वुल्फ यांना स्थान द्यावे, असा रोलिंग स्टोन्सनी आग्रह धरला आणि तो पूर्ण झाला. १९६९च्या त्यांच्या अमेरिकी दौऱ्यात बी. बी. किंग यांचा सहभाग होता. क्रीमने १९६६ साली स्किप जेम्स यांचे ‘आय ॲम सो ग्लॅड’ त्यांच्या नावाने ध्वनिमुद्रित केले आणि आजारी, वृद्ध जेम्स यांना अखेरच्या काळात त्यापासून रॉयल्टी मिळाली. परंतु ही उदाहरणे श्रेय दिल्याची आहेत. ती श्रेय न देण्याच्या समर्थनार्थ वापरता येत नाहीत.

येथे एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. शोषणाचा प्रारंभ ब्रिटिश वादकांपासून झाला नाही. विली डिक्सन व मडी वॉटर्स यांनी १९७०च्या दशकात आर्क म्युझिक या आपल्याच अमेरिकी प्रकाशनसंस्थेविरुद्ध रॉयल्टीसाठी दावे केले होते. म्हणजे लेबलावर नाव असूनही पैसा पोहोचत नव्हता. नाव हे न्यायाचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे. पण पहिले पाऊलच पडले नाही तर दाव्यालाही आधार उरत नाही. डिक्सन १९८५ साली उभे राहू शकले, कारण ‘यू नीड लव्ह’च्या लेबलावर त्यांचे नाव होते.

५. निष्कर्ष

(१) १९६०च्या दशकातील ब्रिटिश बीट व रॉक संगीताची गुणवत्ता उसनवारीमुळे उणावत नाही. ऋण व श्रेय या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत; एकीवरील यश दुसरीवरील अपयश झाकू शकत नाही.

(२) श्रेयलोप तीन प्रकारांनी झाला : परंपरा व्यक्तीच्या नावे करणे, ज्ञात रचनाकाराचे नाव गळणे आणि साथीदार वादक अनाम राहणे. यांपैकी पहिल्या दोहोंना न्यायालयाचा दरवाजा कधी कधी उघडतो. तिसऱ्याला तोही उघडत नाही. म्हणून तिसऱ्याची जबाबदारी अभ्यासकावर अधिक येते.

(३) श्रेयनिर्देश हे नंतर जोडावयाचे सौजन्य नसून समीक्षेचाच भाग आहे. कोणता अंश कोठून आला आणि कोणता नव्याने घडला, याचे ते विधान असते.

हा विषय दूरचा वाटला तरी त्याचा धागा आपल्या दैनंदिन कामाशी जुळलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनंतर प्रबंधातील साम्याची टक्केवारी संगणकाने मोजली जाते. साम्य किती, हे यंत्र सांगते. ऋण कोणाचे, हे सांगणे लिहिणाऱ्याकडेच राहते. आपण प्रबंधाच्या प्रारंभी मार्गदर्शकांचे, ग्रंथपालांचे, कुटुंबीयांचे आभार मानतो. पण ज्या गायिकेने अंगणात बसून ओव्या सांगितल्या, ज्या शाहिराने वही हाती दिली, त्यांचे नाव पुष्कळदा ‘स्थानिक माहितगार’ या दोन शब्दांत संपते. लंडनच्या स्टुडिओतील त्या चौघा वादकांची नावे कळण्यास ५० वर्षे लागली. आपल्या वह्यांतील नावे अजून आपल्या हाती आहेत. ती आजच लिहून ठेवता येतील.